सावरण्याचे गुण

मी नर्सिंग होममध्ये काम करते. इकडे परदेशात त्याचा अर्थ छोटं खासगी रुग्णालय असा नाही. शुश्रूषेशिवाय राहू न शकणारी म्हातारी माणसं तिथे अखेरपर्यंत राहतात. गेल्या महिन्यात रात्रपाळी संपता संपता आमच्या हातात सहा वाक्यांची प्रश्नावली आली. 'कठीण काळानंतर मी लवकर सावरते' हे कितपत पटतं, ते १ ते ५ मध्ये सांगायचं. २००८ सालची ही ब्रीफ रेझिलियन्स स्केल, म्हणजे सावरण्याची क्षमता मोजायची छोटी पट्टी. तीन वाक्यं सुलट, तीन उलट, म्हणजे सावरणं जड जातं असं सांगणारी. उलट वाक्यांचे गुण फिरवून (५ चे १, ४ चे २) घ्यायचे आणि सहांची सरासरी काढायची.

त्याच पहाटे माझ्या मजल्यावरचे एक आजोबा गेले होते. त्यांना पुसून, कपडे बदलून, मुलीला फोन करून मी लगेच शेजारच्या आजींना कूस बदलून द्यायला गेले. प्रश्नावलीत मी ४ वर खूण केली, आणि ती खरीच होती. पण माझ्याबरोबर लागलेल्या दोघींना हे झेपलं नाही, त्या सोडून गेल्या. त्यांचे गुण कुठेच नाहीत. खचलेली माणसं निघून गेली की उरलेल्यांची सरासरी वाढते, आणि कागदावर आमचा मजला कणखर दिसतो!

तिकडे भारतात वाद अजून मुलांभोवतीच फिरतोय: आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवावं की घरी? फोनवर मामी म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळं मोजतात, आपल्याकडे माया असते." त्यांच्या सासूबाईंना दिवसरात्र सांभाळणाऱ्या मावशींना सलग किती तास झोप मिळते, असं मी विचारलं. "ते कधी विचारलं नाही गं," म्हणाल्या.

मामींवर माझा राग नाही. पण मोजणं म्हणजे मायेचा अभाव, हे मला मान्य नाही. मोजायलाच हवं, फक्त माणसाबरोबर त्याच्यावरचं ओझंही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटला, म्हणजे कामाने पार थकून खचून जाण्याला, आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागचा ताण नीट न हाताळल्याने उद्भवणारी स्थिती म्हटलंय. म्हणून सावरण्याच्या गुणांशेजारी आणखी आकडे लिहा: रात्री एकीच्या वाट्याला किती जण, किती सुट्ट्या रद्द झाल्या, वर्षात किती जणी सोडून गेल्या आणि का. घरी मावशी असतील, तर त्यांच्या झोपेचे तास आणि आठवड्याची सुट्टी आधी ठरवा.