केसपेपर एकच असू द्या

आपल्याकडच्या बायका डॉक्टरांपासून गोष्टी लपवतात आणि यात दोष बायकांचा नाही, असं माझं ठाम मत आहे. गायनॅककडे गेल्या की निसर्गोपचाराचं नाव काढत नाहीत आणि निसर्गोपचाराला गेल्या की चालू गोळ्यांबद्दल अर्धवट सांगतात. एकीकडे ओरडा बसण्याची भीती, दुसरीकडे ‘आधी त्या गोळ्या बंद करा’ ऐकण्याची. शरीर एकच, पण त्यावर उपचार करणारे दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

वहिनीबरोबर मी मध्ये एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत गेले होते. तिच्याकडे दोन फायली होत्या. रिपोर्टांची जाडजूड फाईल हातात, आणि निसर्गोपचार केंद्राचा आहारतक्ता साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून तळाशी. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, “आणखी काही घेता का?” वहिनी म्हणाली, “नाही.” बाहेर आल्यावर मी म्हटलं, “वहिनी, काढ्याचं का नाही सांगितलंस?” तर म्हणाली, “अगं, बाहेर एवढ्या बायका ताटकळतायत, त्यांना कुठे वेळ आहे माझा काढा ऐकायला?”

वहिनीला थायरॉइड आहे. सकाळी उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, पाठोपाठ काढा, मग दुधीचा रस आणि त्याच दमात लोहाची आणि कॅल्शियमची गोळी. कारण नंतर डबे भरायचे आणि डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडायची. आता थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे निदान अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, हा साधा नियम आहे. लोह आणि कॅल्शियम तर त्या गोळीपासून चार तास लांब हवं, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, खाली येत नाही म्हणून डोस वाढवायचं चाललं होतं. डॉक्टरांना काढा माहीत नाही, केंद्रातल्या ताईंना गोळीची वेळ माहीत नाही. दोघांपैकी एकाने जरी ‘सकाळी सहा ते आठ काय काय पोटात जातं ते सांगा’ म्हटलं असतं, तरी उलगडा झाला असता.

मी निसर्गोपचाराच्या विरोधात नाही, उलट मला त्याबद्दल आस्था आहे. महाराष्ट्राचं त्याच्याशी जुनं नातं आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या केंद्रात गांधीजी राहिले, १८ नोव्हेंबर १९४५ ला तिथेच निसर्गोपचाराचा अखिल भारतीय ट्रस्ट उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी उरुळी कांचनचा आश्रम सुरू झाला. मेहतांच्या त्याच जागेत पुढे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आली. आज बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगाची, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची पदवी आहे. ही पद्धत मुळात औषधाविना चालणारी: आहार, उपवास, मातीपट्टी, कटिस्नान, मालिश, ऊन, योग. त्यामुळे कुणी ‘नॅचरोपॅथी’ म्हणून तुमच्या हातात पावडरचा महागडा डबा ठेवला, तर आधी त्यांचं शिक्षण विचारा. पाळीच्या तक्रारी, गर्भाशयाचे आजार बरे करण्याच्या औषधी जाहिरातींवर आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या जाहिराती रोज आपल्या व्हॉट्सअॅपवर येतात.

गुळवेलीचं आठवतंय? कोरोनात घरोघर काढे उकळत होते. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं शोधनिबंधात मांडलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखली गेली नसेल म्हणून. दोन्ही बाजूंनी निवेदनं झाली. पण जिच्या ओट्यावर ते पातेलं होतं, तिने पुढे काय करायचं हे दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून तिला सांगितलं नाही.

दोघांनी मिळून काम करण्याची सगळ्यात जास्त गरज मला दिसते ती अॅनिमियात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं, आणि त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे आपण मागे चाललोय. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, पण बायका त्या मध्येच सोडतात. का सोडतात हे त्यांनाच विचारा. पोट साफ होत नाही, मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात. हे सगळं ओपीडीतल्या दोन मिनिटांत निघत नाही. निसर्गोपचारवाल्यांकडे मात्र तासभर असतो. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, चहा तासभर पुढे ढकल, भाजी-कोशिंबीर वाढव, पोटासाठी हे कर, हे त्यांनी बसून सांगावं. आणि त्याच वेळी हिमोग्लोबिन सातवर असलेल्या बाईला बीटच्या रसावर ठेवू नये. बीट लालभडक असतं, पण त्यात लोह फारसं नसतं. तिची पाळी दहा-दहा दिवस चालत असेल तर आधी सोनोग्राफी, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) आहे का ते बघणं, आणि गरज असेल तर शिरेतून लोह. गळती चालू ठेवून वरून किती ओतणार?

पीसीओडीचंही, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या तक्रारीचंही, तसंच. ‘वजन कमी कर’ एवढं सांगून पोरींना परत पाठवतात. पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते हे खरं आहे, पण कसं उतरवायचं हे तिला कोण सांगणार? त्यासाठी शेजारच्या खोलीत माणूस हवा.

आणि डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या बाईला रसाहारावर ठेवायचं, तर डोस कोण कमी करणार? आहार बदलला की डोस बदलावा लागतो, नाहीतर साखर धाडकन खाली जाते. मीठ बंद करून बीपीची गोळी तशीच चालू ठेवली तर चक्कर येते. जबाबदारी एकावर टाकून चालणारच नाही अशी ही जागा आहे.

हे शक्य आहे का? परळलाच झालंय. टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ८५० रुग्णांचा योगावरचा अभ्यास झाला. त्यात योगाचा कार्यक्रम त्या रुग्णांसाठीच बेतलेला होता आणि तो नेहमीच्या उपचारांसोबत दिला गेला. कुणाची केमो थांबवून प्राणायाम दिला नाही. मला हेच हवंय.

आता मुंबईबद्दल. ‘रोज तीन लिटर पाणी प्या’ असं प्रत्येक तक्त्यात लिहिलेलं असतं. बदलापूरहून निघून फोर्टात कामाला जाणारी बाई सकाळपासून पाण्याचा घोट टाळते, कारण वाटेत स्वच्छ, सुरक्षित मुतारी नाही. याच शहरात बायकांना २०११ मध्ये ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभारावी लागली. लघवीला जळजळ होते म्हणून तीच बाई आज अँटिबायोटिक घेते, उद्या धन्याचं पाणी. तिचा दिवस कसा जातो हे विचारल्याशिवाय दोन्ही उपचार अपुरे. सहकार्य म्हणजे फक्त दोन डॉक्टरांचं नव्हे, तिलाही त्यात धरा. साडेपाचला उठून सूर्यस्नान घेणं चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जमेल का, हे तीच सांगू शकते.

काही बाबतीत मात्र थांबायचं नाही. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, स्तनात गाठ लागली, गरोदरपणात रक्तस्राव झाला, तर त्याच दिवशी गायनॅककडे निघा. प्रामाणिक निसर्गोपचारतज्ज्ञ स्वतःच तुम्हाला पाठवतील, आणि जे पाठवत नाहीत त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ २०२२ पासून वस्त्यांमध्ये आले. तिथे आठवड्यातून एक दिवस पदवीधर निसर्गोपचारतज्ज्ञ बसवा. केसपेपर तोच, वेगळा नको. त्यावर गोळी, काढा, रस, उपवास, सगळं वेळेसकट लिहिलेलं असू द्या आणि दोघांची सही असू द्या. खाजगीत एवढं तरी करा की निसर्गोपचारतज्ज्ञांनी गायनॅकच्या नावे चार ओळींची चिठ्ठी द्यावी आणि गायनॅकने ती वाचून उलट दोन ओळी लिहाव्यात.

वहिनीने पुढच्या वेळी दोन्ही फायली टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी तक्ता वाचला, काढा सांजवेळी ढकलला, लोहाची गोळी जेवणानंतरच्या वेळेला नेली आणि डोस तूर्त आहे तोच ठेवून सहा आठवड्यांनी टीएसएच करायला सांगितली. रिपोर्ट अजून यायचाय.

मुंबई-ठाण्यात असं एकमेकांशी बोलून काम करणारे गायनॅक आणि निसर्गोपचारतज्ज्ञ तुमच्या माहितीत असतील तर मला इनबॉक्समध्ये कळवा. आमच्या बिल्डिंगमधल्याच किती जणी विचारतायत.