मामा, ते नाणं शुद्ध चांदीचं नाही

रात्री साडेअकराला मामाचा फॉरवर्ड आला. 'मध्ययुगीन फ्रान्समध्ये पाववालासुद्धा शुद्ध चांदीत पैसे घेई. राजाला नोटा छापता येत नव्हत्या, म्हणून महागाई नव्हती. नाणी वेडीवाकडी दिसतात, कारण लोक कडा कापून चोरत.' मी गप्पच बसणार होतो. पण खाली लिहिलं होतं, 'असलं एक मागवलंय, साडेचार हजारांत.' आता बोलणं आलं.

पाव घ्यायचं नाणं म्हणजे दनिये. बारा दनियेंचा एक सू, वीस सूंचा एक लिव्र. तेराव्या शतकातल्या राजा नवव्या लुईच्या बऱ्या काळातही दनियेत चांदी एक तृतीयांशापेक्षा कमी, बाकी तांबं. हाताळून हाताळून ते काळं पडे. फ्रेंच लोक अशा चिल्लरीला चक्क 'काळा पैसा' म्हणत!

राजाला पैसा वाढवता येत नव्हता म्हणे. हे कुणी शोधून काढलं? १२९५ पासून चौथ्या फिलिपने लढायांच्या खर्चासाठी हाच उद्योग केला: तेवढ्याच चांदीत तांबं वाढवून जास्त नाणी पाडायची, वरचा फायदा खजिन्यात. १३०६ मध्ये त्याने नाणं पुन्हा सुधारलं, आणि भडका तेव्हा उडाला. भाडी ठरली होती हलक्या नाण्यात, घरमालक मागू लागले चांगल्या नाण्यात. म्हणजे जवळजवळ तिप्पट. पॅरिसच्या जमावाने एत्येन बार्बेत या बड्या असामीचं घर लुटलं, राजाला टेम्पलर या लढवय्या धर्मसंघाच्या गढीत आसरा घ्यावा लागला. चांगलं नाणं आलं की लोक सुखी, असं सांगणाऱ्याने हे एकदा वाचावं. पुढे राजा दुसऱ्या जॉनच्या काळात तर इतके फेरफार झाले, की निकोल ओरेम या विद्वानाने ग्रंथच लिहिला: नाणं राजाच्या मालकीचं नाही, समाजाचं आहे.

कडा कापत, हे खरं. पण चांगल्या नाण्यांच्या. काळ्या दनियेची कड कापून तांबं कोण गोळा करणार? नाणी वाकडी असत कारण खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये चकती आणि वरून हातोडा. हात जरा सरकला की नाण्यावरचा अर्धा क्रूस बाहेर.

बरं, १२६६ चं ग्रो तुर्न्वा जवळजवळ शुद्ध चांदीचं होतं, कबूल. पण ते एकच बारा दनियेंचं. पावापुरतं मोडावं लागे.

मामा, तू पाठवलेल्या फोटोतला 'दनिये' ताटासारखा चकाकतोय आणि क्रूस अगदी मधोमध आहे. परत करायची मुदत कधीपर्यंत आहे, तेवढं बघ.