‘खोट्या कळा’ आणि दोन बोटांचा हिशेब

ताई, स. न.

बाळंतपणाआधी शरीराची तयारी कशी होते, यावरच्या माझ्या लेखाला आपला आक्षेप दुहेरी आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांतील कळांना ‘खोट्या’ म्हणून मी त्यांची बोळवण केली, हा एक. आणि ‘पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलंय’ असे ऐकूनही आपल्या बहिणीला पुढचे नऊ दिवस काहीच का झाले नाही, याचा लेखात पत्ता नाही, हा दुसरा.

पहिला मला मान्य आहे. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये या कळांचे वर्णन केले ते गर्भारपणभर गर्भाशय अधूनमधून आवळते आणि सैलावते, असे. त्यात खोटे काही नाही. शिवाय ‘खोट्या’ म्हटल्यावर बाई घरीच थांबते. सदतीस आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, पाणमोट फुटली, रक्त गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, हे वाक्य लेखात हवे होते. आज घातले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की बाळंतपणाची तयारी दोन ठिकाणी चालते आणि दोन्हींचा वेग एक नसतो. गर्भाशयमुख, म्हणजेच ‘पिशवीचं तोंड’, आठ महिने घट्ट राहते ते कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या दाट विणीमुळे. शेवटी ही वीण सैलावते, तिच्यात पाणी धरले जाते, आणि तपासणाऱ्या बोटाला आधी नाकाच्या शेंड्यासारखे लागणारे मुख ओठासारखे मऊ लागू लागते (स्वतःच्या नाकाला आणि ओठाला बोट लावून पाहावे, फरक लगेच कळतो). तीन-चार सेंटिमीटर लांबीचे ते मुख हळूहळू आखूड आणि पातळ होते. दुसरीकडे गर्भाशयाच्या स्नायूत ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी ग्राहके वाढतात आणि पेशीपेशींमध्ये असे दुवे तयार होतात, की सगळा स्नायू एका वेळी आवळला जावा. हे दुवे पुरेसे होईपर्यंत कळा येतात त्या विस्कळीत, थोड्या वेळाने विरणाऱ्या.

आपल्या बहिणीच्या बाबतीत मुख पुढे गेले होते, स्नायू मागे होता, असे असू शकते. त्यातही ही तिची दुसरी खेप होती, असे आपणच लिहिले आहे. एकदा बाळंत झालेल्या बाईचे मुख कळा नसतानाही काही आठवडे बोट-दोन बोटे उघडे राहू शकते. दोन बोटे म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर, आणि बाळ बाहेर यायला लागतात दहा. म्हणूनच डॉक्टर नुसते उघडणे पाहत नाहीत. १९६४ पासून वापरात असलेल्या बिशप गुणांकात मुखाचा मऊपणा, पातळपणा, दिशा आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, यांनाही गुण असतात, आणि औषधाने कळा आणायच्या का, हे ठरवताना तो हिशेब मांडतात.

नवव्या महिन्यातल्या दूध-तुपाबद्दल आपण विचारलेत. तूप पोटात पचते. वाट बुळबुळीत करायला ते गर्भाशयापर्यंत पोहोचत नाही. पचत असेल तर अवश्य घ्यावे. कळा याव्यात म्हणून एरंडेल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण जुलाब होऊन ऐन वेळी अंगातले पाणी कमी होते.