खुलासा : मणक्यांचा दाहक संधिवात हा केवळ पुरुषांचा आजार नव्हे

‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (म्हणजेच मणक्यांचा दाहक संधिवात) पुरुषांनाच होतो, बायकांची कंबर कामाने दुखते’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्याचा पूर्वार्ध जुन्या समजुतीवर उभा आहे आणि उत्तरार्ध रुग्णांचे सरळसरळ नुकसान करणारा आहे.

पूर्वी दहा पुरुषांमागे एक स्त्री असे प्रमाण सांगितले जाई. १९८४च्या निकषांनुसार पक्क्या निदानासाठी कमरेच्या तळाशी असलेल्या सांध्यांतील बदल एक्स-रेमध्ये दिसणे आवश्यक होते. आणि नवे हाड वाढून मणके एकमेकांना जुळण्याची प्रक्रिया पुरुषांत सरासरीने अधिक वेगाने होत असल्यामुळे अनेक स्त्रिया या गणतीत आल्याच नाहीत. २००९च्या निकषांत एमआरआयचा समावेश झाला; एक्स-रेमध्ये बदल दिसण्याआधीचा दाहही त्यात दिसू शकतो. एक्स-रेमध्ये बदल न दिसणाऱ्या प्रकारात स्त्री-पुरुषांचे प्रमाण आज जवळपास सारखे आढळते.

मात्र एक्स-रे स्वच्छ म्हणजे आजार सौम्य, असे मुळीच नाही. वेदना, थकवा आणि ताठरता स्त्रियांत तितकीच, कित्येकदा अधिक असते. निदानाला उशीर होतो आणि टीएनएफ-रोधक (दाह वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन रोखणाऱ्या) औषधांना प्रतिसादही सरासरीने कमी मिळतो.

पहाटे दुखण्याने जाग येणे, उठल्यावर अर्धा तास ओट्याचा आधार घेतल्याशिवाय सरळ उभे न राहता येणे, आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने बरे वाटणे, हे कामाच्या थकव्याचे लक्षण नाही. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेले असे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.