पुदिना, शेप, जिरे आणि मी

मागच्या आठवड्यात घरी प्रार्थनेला जमलेल्या 14 माणसांदेखत माझ्याच पुदिन्याने मला ढोंगी म्हटलं. म्हणजे तोंड अंकलचं होतं, पण पाटी माझी, अक्षर माझं, मार्करही माझाच, मग तक्रार करणार कुणाकडे?

झालं असं की यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात नेहमीसारखं काहीतरी सोडण्याऐवजी काहीतरी लावूया असं मनात आलं. बायबलमधल्या वनस्पतींची बाग! अंगणात क्रूसाच्या आकाराचा वाफा खणला, तो खणताना कमरेचं जे काय झालं ते असो. माळ्यांचा एक संत आहे, फियाकर नावाचा, 7व्या शतकात आयर्लंडहून फ्रान्सला गेलेला, चित्रात त्याच्या हातात कायम फावडं असतं. गंमत म्हणजे मूळव्याधवालेही त्यालाच साकडं घालतात. आधी मला हसू यायचं, पण सलग तीन शनिवार उकिडवं बसून खुरपं चालवल्यावर ही दोन खाती एकाच संताकडे का, ते नीट कळलं.

मधोमध रोझमेरी लावली. बाळ येशूला घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला, पळून जाताना मरियेने आपला निळा झगा या झुडपावर टाकला आणि पांढरी फुलं निळी झाली अशी दंतकथा आहे, त्यामुळे मी तिला रोज भक्तिभावाने दोन वेळा पाणी घातलं. रोझमेरीला कोरडं आवडतं. मुळं कुजून गेली बिचारी. पुदिन्याकडे मी बघितलंही नाही, तर त्याने जमिनीखालून धुमारे सोडत क्रूसाचा उजवा हात पूर्ण काबीज केला.

तर प्रार्थना संपली आणि सगळे बाग बघायला बाहेर आले. एक आंटी पाटी वाचून म्हणाल्या, "एजोब म्हणजे तो गळवं झालेला ना? त्याचं झाड पण असतं?"

"तो ईयोब, आंटी. हा एजोब. स्तोत्र 51, एजोबाने मला शुद्ध कर."

"हा तो एजोब नव्हेच," मागून अंकल. अंकलना निवृत्तीनंतर देवाने भरपूर वेळ दिलाय आणि तो ते आमच्यावर खर्च करतात. "हा युरोपातला. बायबलमधला एजोब म्हणजे बहुतेक तिकडच्या ओरेगानोचा भाऊबंद. तू भलत्यालाच पाणी घालतेस." दुर्दैवाने हे बरोबर आहे, मी नंतर शोधलं, अभ्यासकही बहुतेक तेच म्हणतात. पण बरोबर असण्याचीही काही वेळ असते की नाही?

मग त्यांनी पुढची पाटी मोठ्याने वाचली. पुदिना, शेप (म्हणजे शेपू), जिरे. मत्तय 23:23.

"वा! वचन वाचलंयस ना?"

"हो म्हणजे काय." (नव्हतं वाचलं. तयार यादीतून संदर्भ उतरवला होता.)

अंकलनी खिशातून चष्मा काढला, तो पुसला, फोनवर वचन काढलं आणि स्मशानात वाचतात त्या आवाजात सुरू केलं. तिथे प्रभू येशू शास्त्री आणि परूश्यांना, म्हणजे तेव्हाच्या कर्मठ धर्मपंडितांना, झापतोय, ढोंग्यांनो, पुदिना, शेप, जिरे यांचा दशांश (देवाचा दहावा हिस्सा) मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता! वाचून झाल्यावर ते खाली वाकले आणि वाफ्यात खरंच शोधल्यासारखं करत म्हणाले, "न्याय, दया आणि विश्वासाची रोपं कुठे लावलीस गं?"

सगळे हसले. पाळकसाहेब पण हसले, ते मला जरा लागलं.

"आणि यातलं जिरं कुठलं?"

आता जिरं उगवलंच नव्हतं. पण दोन्हींची पानं दोऱ्यासारखी बारीक, कुणाला कळतंय, म्हणून शेपेलाच मधून दोन नावं दिली होती. मी एकाकडे बोट दाखवलं. अंकलनी पान चुरगळून हुंगलं, माझ्याकडे बघितलं, आणि काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

जाताना "चला, दशांश घेतो" म्हणत पुदिन्याच्या काड्या खुडल्या. उरलेले तुटके देठ मी नंतर मोजले, 11. एकूण काड्या होत्या 40. हा कुठला दशांश? आणि खरं सांगू का, हा माणूस प्रार्थनेनंतर एक खुर्ची उचलून आत ठेवत नाही. त्या 14 जणांतल्या एकानेही कंबर कशी आहे विचारलं नाही, पण वचनातली चूक सगळ्यांना लगेच सापडली. मी निदान खणलं तरी.

आज सकाळी त्यांचा फोन. पुदिना ग्लासात ठेवला होता, त्याला मुळं फुटलीत, आता कुंडीत लावणार. "तुझ्या पाटीसारखी पाटी हवी गं, अक्षर छान आहे तुझं."

म्हटलं, देते की अंकल. मोठी पाटी करते, अख्खं वचन बसेल अशी.