‘दोन दिवस गाडी ठेवली, पैसे घेतले, तरी थरथर आहेच’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे: तुम्ही वापरलेली फोर बाय फोर घेतली. ७०च्या आसपास रस्त्यातल्या जोडावर चाक आपटलं की स्टीअरिंग जोरजोरात डावी-उजवीकडे झटके द्यायचं आणि वेग ४०पर्यंत उतरल्याशिवाय थांबायचं नाही. आम्ही गाडी दोन दिवस ठेवून घेतली, तपासणीचे वेगळे पैसे लावले, आल्या-आल्या व्हील अलाइनमेंट करायला नकार दिला, स्टीअरिंगचा डॅम्पर बदलला नाही, स्टीअरिंग बॉक्सचा (स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्याचा) स्क्रू आवळला नाही. आणि तीन आठवड्यांनी ९०ला थरथर परत आली. शेवटच्या मुद्द्यात चूक आमची आहे, ती खाली मान्य केली आहे. बाकीचं जे केलं किंवा केलं नाही, ते मुद्दाम तसं होतं. त्याची कारणं देतो.

आधी डॅम्पर. चाकांचा झटका हातापर्यंत येण्याआधी खाऊन टाकणं एवढंच त्याचं काम. तो कोणताही भाग जागेवर धरून ठेवत नाही. सांधा ढिला असताना नवा डॅम्पर लावला तर थडथड दबते आणि काही आठवड्यांत डॅम्पर थकला की परत सुरू होते, तोवर सांधा आणखी झिजलेला असतो. तुमच्या गाडीत पुढे खाली सगळीकडे जुना चिखल वाळलेला होता आणि त्यात डॅम्पर तेवढा कोरा करकरीत होता. जुनी गाडी घेताना हे जरूर बघावं. तेवढाच एक भाग नवा असेल तर आधीच्या मालकालाही हाच त्रास होता, असं समजून बाकीचे सांधे तपासायला घ्यायचे.

आता मूळ दोष. तुमच्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि अखंड ॲक्सल आहे, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेली आहेत. तो ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून चॅसीपासून ॲक्सलपर्यंत एक तिरका दांडा असतो, त्याला ट्रॅक बार म्हणतात. त्याच्या बोल्टला एखादा मिलिमीटर जरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला तरी चाक आपटताच ॲक्सल बाजूला सरकतो. चाकं वळवणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, मात्र स्टीअरिंग बॉक्सला बांधलेली असल्यामुळे तिथेच राहते, म्हणून चाकं आपोआप वळतात. टायर त्यांना परत ओढतो, ती पलीकडे जातात, पुन्हा ओढली जातात. हेच ते थडथडणं.

हा प्ले गाडी जॅकवर उचलून सापडत नाही, कारण सांध्यावरचा भारच निघून जातो. चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ओंडके आणि पॉवर स्टीअरिंग चालू राहावं म्हणून इंजिन सुरू. एकाने स्टीअरिंग पाव फेरा डावी-उजवीकडे जोरात हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, अर्धं बोल्टच्या डोक्यावर, अर्धं ब्रॅकेटवर. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. तुमच्या ट्रॅक बारच्या ॲक्सलकडच्या टोकाला ती कळली. बोल्ट काढला तेव्हा भोकाभोवती घासून चकचकीत झालेलं कडं आणि लालसर गंजाची भुकटी होती. १४ मिमीच्या भोकात कोणीतरी १२ मिमीचा बोल्ट घातला होता आणि भोक अंडाकृती झालं होतं.

असा बोल्ट नुसता आवळून भागत नाही. भोक एकदा लांबट झालं की आवळलेला बोल्टही काही दिवसांत घसरतो. म्हणून ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना १४ मिमीच्या नेमक्या भोकाच्या जाड पट्ट्या वेल्ड केल्या. त्यासाठी बुश (सांध्यातली रबरी नळी) बाहेर काढावा लागतो आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी लागते. पुढे १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा, नवा बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) लावला, तोही गाडी चाकांवर उभी करून. गाडी उचललेली असताना रबरी बुशचा बोल्ट पक्का केला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दुसरा दिवस यात गेला.

बाकीचे सांधे थोडक्यात. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो गोळ्याचा सांधा) आणि व्हील बेअरिंग कळतं. हलवताना दुसऱ्याने ब्रेक दाबून धरला आणि प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवलं की टायरॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा). तुमचा उजवा खालचा बॉल जॉइंट गेलेला होता, तो बदलला.

स्टीअरिंग बॉक्सच्या स्क्रूबद्दल तुम्ही दोनदा लिहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बॉक्समधले दाते मधोमध सर्वात जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला ढिलेपणा घालवायला स्क्रू आवळला की कडेचे न झिजलेले दाते जाम होतात आणि वळणानंतर स्टीअरिंग आपलं आपण परत येत नाही. बॉक्स खरोखर ढिला आहे का, हे आत जाणारा शाफ्ट आणि बाहेरचा पिटमन आर्म (बॉक्सपासून ड्रॅग लिंक हलवणारा दांडा) एकाच वेळी बघून ठरतं. शाफ्ट फिरला आणि आर्म थांबून राहिला तर दोष बॉक्सचा. तुमच्या गाडीत आर्म लगेच हलत होता. चांगल्या बॉक्सला आम्ही हात लावला नाही.

अलाइनमेंट आधी नाकारली, कारण ढिल्या सांध्यांवर घेतलेला आकडा गाडी दहा फूट हलली की बदलतो. दुरुस्तीनंतर मोजलं तेव्हा टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते) ६ मिमी होता, तो २ वर आणला. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा मागचा कल, २.५ अंश आहे, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये तो ४च्या वर दिला आहे. आधीच्या मालकाने गाडीची उंची २ इंच वाढवताना खालचे कंट्रोल आर्म (ॲक्सल पुढे-मागे सरकू न देणारे दांडे) तेच ठेवले, त्यामुळे ॲक्सल फिरून कॅस्टर उतरला. वेगात स्टीअरिंग हलकं आणि भरकटल्यासारखं वाटतं ते याने. लांब कंट्रोल आर्म घालून कॅस्टर वाढवता येतो, पण तोही बेताने. अखंड ॲक्सलमध्ये कॅस्टर वाढला की डिफरेन्शियलचं (ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्याचं) तोंड खाली झुकतं आणि त्याला इंजिनची ताकद देणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो. म्हणून तुमच्याशी बोलल्याशिवाय ते काम केलं नाही.

आता आमची चूक. तुम्ही लिहिता की आता ९०च्या सुमारास बारीक कंप येतो, रस्ता गुळगुळीत असला तरी येतो आणि १०० ओलांडलं की कमी होतो. हा आधीचा दोष नाही. ढिल्या सांध्याची थडथड आपटल्यावर सुरू होते आणि वेग उतरेपर्यंत वाढत जाते. ठरावीक वेगाच्या पट्ट्यात येऊन जाणारा कंप हा चाकांच्या बॅलन्सिंगचा किंवा टायर गोल नसल्याचा. पण आम्ही चाचणी ८०पर्यंतच घेतली, त्यामुळे तो आम्हाला सापडलाच नाही. बॅलन्सिंगही तपासलं नाही. इतके मोठे टायर असलेल्या गाडीत हे व्हायला नको होतं. शिवाय बिलावर नुसतं ‘स्टीअरिंग दुरुस्ती’ लिहिलं. भोकाचा फोटो आणि मोजमापं त्याच वेळी द्यायला हवी होती. याबद्दल मनापासून माफी मागतो.

चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि टायरचा गोलपणा आम्ही विनामूल्य बघू, आणि या वेळी कंप येतो त्या वेगापर्यंत चाचणी तुम्हाला सोबत बसवून घेऊ. ट्रॅक बारचा बोल्टही तेव्हाच पुन्हा टॉर्कवर तपासू. वेल्डिंगनंतर दोन-तीनशे किलोमीटरवर तो बघावाच लागतो आणि हे सांगायचंही आमच्याकडून राहिलं. एक विनंती: येताना गाडी धुऊन आणू नका. रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा गोळा वाळून बसला असेल तर एवढ्यानेही असा कंप येतो, आणि धुतल्यावर तो होता की नव्हता हे कोणालाच सांगता येणार नाही.