खाजन ‘पडीक’ नाही : फिरत असलेल्या मजकुराबाबत खुलासा

‘खाऱ्या पाण्याने खाजने पडीक झाली; मातीचा भराव घाला, सनद मिळते. आडवे येतात ते फक्त संवर्धनवाले’ असा मजकूर गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यात व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन; सनद म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी.)

भरतीला नदीच्या पाण्याच्या दाबाने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या झडपेची, दारे आपोआप मिटतात. ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर जाते. फळी कुजून दोन बोटांची फट पडली, की दिवसाच्या दोन्ही भरत्या आत येतात. कधी मासळीसाठी दारे मुद्दाम उघडी ठेवली जातात (हे सगळ्यांना ठाऊक असते, बोलत कोणी नाही). खेकड्यांची बिळे वेळीच चिखलाने बुजवली नाहीत, तर बांध तिथेच फुटतो. हे सारे दुरुस्त होते, मीठ पावसाने धुऊन जाते आणि थोडा खारेपणा कोरगुट जातीचा भात सोसतो. भराव मात्र पोय, म्हणजे खाजनातला पाणी वाहून नेणारा नाला, बुजवतो. तुंबलेले पाणी शेजारच्या शेतात चढते.

सनदेचे म्हणाल तर २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच खाजनात विकासकामांना मनाई आहे. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला १९९१ चा जमीन वापर नियमन कायदाही आड येतो.

भरावाला विरोध म्हणजे रस्त्याला विरोध नव्हे. खाजनातला रस्ता रुंद करायला आमची हरकत नाही. पोयीवर तिच्या पूर्ण रुंदीची मोरी ठेवा, दोन पाइप टाकून भागवू नका.